कार्प माशांसाठी गळाची बांधणी

कार्प कुळातील मासे काठी व दोऱ्याच्या साहाय्याने पकडताना मुख्य दोऱ्याच्या टोकाशी गळ, आखूड दोरा, फिरकी, शिसे आणि आमिष यांची जी जोडणी केली जाते, तिला गळाची बांधणी म्हणतात. हौशी मासेमारांमध्ये तिच्यासाठी 'रिग' हा इंग्रजी शब्द रूढ आहे. महाराष्ट्रातील तलावांत व धरणांच्या जलाशयांत आढळणाऱ्या कार्प माशांपैकी रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि गवत्या हे गळाने पकडले जाणारे प्रमुख मासे होत. मासा पाण्याच्या कोणत्या थरात खातो, त्याचे तोंड कोणत्या दिशेला उघडते आणि तळ कसा आहे, यांवर बांधणीची निवड अवलंबून असते. सदोष बांधणीमुळे मासा हातचा जातो, हे नुकसान किरकोळ आहे. मुख्य दोरा तुटल्यावर शिशाचे वजन ओढत फिरणारा मासा जलपर्णीत अडकून मरतो, हे अधिक गंभीर आहे. त्यामुळे मासा सुटण्याची वाट बांधणीतच राखून ठेवणे हा या कलेचा मूलभूत नियम मानला जातो.

संज्ञा

मराठीत 'गळ' हा शब्द आकड्यासाठी आणि दोरा-काठीसह संपूर्ण साधनासाठीही वापरतात. कोकणात आकड्याला 'गरी' आणि गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' म्हणतात. नायलॉनच्या एकेरी दोऱ्याला 'तंगूस' हा शब्द मुंबई व कोकण किनाऱ्यावर सर्रास ऐकू येतो. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार राजकीय बातम्यांत इतका झिजला आहे की, गळाला लागलेला मासा दहापैकी निम्म्या वेळा सुटतो याचा तो वापरणाऱ्यांना विसर पडलेला दिसतो.

इतिहास

गळाच्या मासेमारीचे सविस्तर वर्णन करणाऱ्या जुन्या भारतीय ग्रंथांत 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला. (हे कल्याण म्हणजे ठाणे जिल्ह्यातील नव्हे, तर बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण होय.) त्यातील 'मत्स्यविनोद' या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांना चारावयाचे खाद्य आणि गळाची साधने यांची माहिती येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाचा विनोद म्हणून सांगितलेल्या या खेळात मासा आधी चारून एका जागी आणावा आणि मग गळ टाकावा, ही पद्धत आहे. आजचे मासेमार पेंडीचा चारा टाकून हेच करतात.

ब्रिटिश काळात हेन्री सलिव्हन टॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महाशीर माशाला मानाचे स्थान आहे. तलावांतील रोहू-कटल्याच्या गळमासेमारीला पुढील काळात जो विस्तार मिळाला, त्यामागे मत्स्यबीजाचा मोठा वाटा आहे. रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. बंदिस्त तलावात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून खात्रीचे बीज तलावांत सोडणे शक्य झाले. भारतात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

बांधणीच्या तंत्रातील सर्वांत मोठा बदल इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळात न टोचता गळापासून निघालेल्या बारीक धाग्यावर लोंबते ठेवले. सुरुवातीच्या प्रयोगांत हा धागा म्हणून माणसाचा केस वापरला गेला होता. त्यावरून या रचनेला 'हेअर रिग' हे नाव पडले. मॅडॉक्स यांच्या १९८१ सालच्या 'कार्प फीव्हर' या पुस्तकातून ती सर्वत्र पोहोचली. मराठीत तिला 'केसबांधणी' म्हणता येईल.

केसबांधणीचे तत्त्व

कार्प माशांच्या जबड्यांत दात नसतात; ते घशात असतात. त्यामुळे हा मासा आमिष चावत नाही, तर पाण्यासह तोंडात ओढून घेतो, ओठांनी व टाळूने पारखतो आणि संशय आल्यास फुंकून बाहेर टाकतो. ही क्रिया क्षणार्धात घडते. आमिष थेट गळात टोचलेले असेल, तर त्याचा जडपणा माशाला जाणवतो आणि गळाचे टोकही आमिषाने झाकले जाते. केसबांधणीत आमिष मोकळे हलते व गळ उघडा राहतो. मासा आमिष बाहेर फुंकतो तेव्हा मागून येणारा गळ वळतो आणि त्याचे टोक खालच्या ओठात रुतते. टोचल्याची जाणीव होताच मासा पळतो. दोऱ्यावरील ६० ते १०० ग्रॅम शिशाचे वजन अडते आणि गळ आत बसतो. म्हणजे काठी हातात नसली तरी गळ लागतो. गळाचे टोक बोथट असेल तर मात्र हे सारे व्यर्थ ठरते. नखावर टेकवून हलकेच ओढल्यावर टोक घसरले, तर तो गळ टाकून द्यावा.

बांधण्याची कृती

केसबांधणीसाठी जी गाठ वापरतात, तिला 'नॉटलेस नॉट' म्हणजे बिनगाठीची गाठ असे काहीसे विनोदी नाव आहे. नाव सार्थ आहे, कारण दोरा स्वतःभोवती न अडकता गळाच्या दांड्यावर गुंडाळला जातो, आणि केस व आखूड दोरा हे एकाच दोऱ्याचे दोन भाग असतात.

सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा विणीव दोरा घ्यावा. त्याच्या एका टोकाला साधी गाठ मारून लहान फास करावा. उकडलेला मक्याचा दाणा, भिजवून शिजवलेला हरभरा किंवा कणकेची घट्ट उकडलेली गोळी आमिषसुईने या फासावर ओवावी आणि ती निसटू नये म्हणून फासात गवताची काडी अडकवावी. आता दोऱ्याचे मोकळे टोक गळाच्या डोळ्यातून मागच्या बाजूने, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूने, पुढे काढावे. आमिष आणि गळाचा बाक यांत अर्धा ते एक सेंटिमीटर अंतर राहील इतपत केस मोजून तो दांड्याच्या पाठीवर धरावा. मग लांब टोकाने दांडा व केस या दोहोंभोवती डोळ्याकडून बाकाकडे सात-आठ घट्ट वेढे द्यावेत. शेवटी तेच टोक पुन्हा डोळ्यातून मागून पुढे काढावे.

हा शेवटचा टप्पा नवशिक्यांकडून हमखास चुकतो. टोक पुढून मागे गेले तर बांधणी दिसायला तशीच दिसते; पण ओढ बसताच गळ आत वळण्याऐवजी बाहेर उघडतो. परीक्षा सोपी आहे. तयार गळ तळहातावर ठेवून आखूड दोरा सावकाश ओढावा. टोक त्वचेकडे वळले तर बांधणी बरोबर आहे. गळ सपाट घसरत आला तर ती सोडून पुन्हा बांधावी.

आखूड दोऱ्याचे दुसरे टोक फिरकीला बांधतात. मुख्य दोरा तंगुसाचा असल्यास फिरकीच्या कडीतून टोक ओवून दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, ते कडीजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फटीतून काढावे. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली करणे आवश्यक आहे, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमकुवत होते. गाठीजवळ दोरा कुरळा किंवा पांढुरका दिसू लागला, की तो जळला असे समजावे.

माशानुसार निवड

मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी खाणारे मासे आहेत. सायप्रिनस दोन जोड मिशांनी चिखल चाचपतो आणि तोंड नळीसारखे पुढे काढून अन्न ओढतो; त्याच्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर आखूड दोऱ्याची तळावरची केसबांधणी उत्तम. गाळ मऊ असल्यास शिसे बुडते आणि आमिषालाही आत खेचते. तेथे शिसे हलके व आखूड दोरा लांब ठेवतात, किंवा आमिषासोबत बुचाचा तुकडा ओवून ते गाळाच्या किंचित वर तरंगते ठेवतात. गळाचे क्रमांक उलटे चालतात, मोठा क्रमांक म्हणजे लहान गळ. अशा बांधणीला ६ किंवा ८ क्रमांकाचा गळ पुरतो.

रोहू मुख्यतः मधल्या थरात वावरतो. त्याचे झालरदार ओठ शेवाळ व वनस्पतींचे कण खुडण्यासाठी घडलेले आहेत आणि आमिषाची चाचपणी तो अतिशय नाजूकपणे करतो. तरंगत्या बुचाखाली मऊ कणकेचे लहान आमिष आणि बारीक दोरा ही जुनी पद्धत त्याच्यासाठी आजही सर्वांत परिणामकारक आहे.

कटल्याची गोष्ट वेगळी. काही भागांत तांबरा म्हटल्या जाणाऱ्या या माशाचे डोके मोठे आणि तोंड वर उघडणारे असते. तो वरच्या थरांतले सूक्ष्म प्राणी कल्ल्यांच्या गाळणीने गाळून खातो. तळावर ठेवलेला मक्याचा दाणा त्याच्या दृष्टीने जवळजवळ नसतोच. त्यामुळे कटल्यासाठी तारेच्या स्प्रिंगभोवती पेंड, भाजलेले पीठ व ब्रेडचा चुरा यांचा गोळा थापतात आणि स्प्रिंगला पाच ते आठ सेंटिमीटरच्या धाग्यांनी बांधलेले लहान गळ त्या गोळ्यात खोचतात. गोळा पाण्यात विरघळून कणांचा ढग तयार होतो. मासा तो ढग गिळताना गळही ओढून घेतो. बुचाच्या साहाय्याने ही स्प्रिंग तळापासून वर टांगली, तर कटला लागण्याची शक्यता वाढते. चारा घट्ट मळला तर ढग होत नाही, सैल मळला तर फेकतानाच उडतो. हे प्रमाण पुस्तकातून शिकता येत नाही.

या पद्धतीत एका स्प्रिंगला सहा-सहा गळ बांधण्याची प्रथा आहे. एक गळ माशाच्या ओठात आणि उरलेले पाच मोकळे, अशी स्थिती झाली की ते जलपर्णीत, जाळीत, माशाच्या कल्ल्यात किंवा मासेमाराच्या बोटांत शिरतात. दोन गळ पुरेसे होतात. अधिक गळांनी मासे अधिक लागतात हा समज पक्का असला, तरी अधिक मासे जखमी होतात एवढेच खात्रीने म्हणता येते.

गवत्या मासा पृष्ठभागावरील पावाचा तुकडा किंवा कोवळे गवत घेतो. त्याला शिशाची गरज नाही.

सुरक्षित सुटका

शिसे मुख्य दोऱ्यावर कायमचे जखडून ठेवणे ही सर्वांत घातक चूक होय. शिसे एकतर दोऱ्यावर मोकळे सरकणारे असावे, किंवा ओढ बसताच निसटणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्यात बसवावे. सरकत्या शिशाच्या मार्गातही दुसरी गाठ किंवा जाड मणी अडसर होता कामा नये. घरी तपासण्यासाठी एका हातात फिरकी आणि दुसऱ्या हातात शिसे धरून ओढावे. जोर न लावता शिसे सुटले पाहिजे. याशिवाय आखूड दोरा मुख्य दोऱ्याहून कमी ताकदीचा ठेवतात. मुख्य दोरा १५ पौंडांचा असेल तर आखूड दोरा १० ते १२ पौंडांचा. मग दोरा तुटलाच तर गळाजवळ तुटतो आणि माशामागे वीतभर दोराच राहतो.

गळाचा काटा, म्हणजे टोकामागील उलटा दात, पक्कडीने दाबून सपाट केल्यास गळ सहज काढता येतो. गोड्या पाण्यात स्टेनलेस स्टीलचा गळ टाळावा. तो गंजत नाही आणि अडकून राहिला तर तसाच राहतो.

मुंबई उपनगरात

कांदिवली पूर्वेच्या वस्तीला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या हद्दीत विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव आहेत. मात्र ते महानगराला पिण्याचे पाणी पुरवणारे आणि संरक्षित वनातले असल्यामुळे तेथे गळ टाकण्यास मनाई आहे. उद्यानात उगम पावून कांदिवलीतून खाडीकडे जाणाऱ्या पोयसर नदीचा वस्तीतला प्रवाह सांडपाण्याने भरलेला असून गळमासेमारीस निरुपयोगी आहे. परिणामी येथील हौशी मासेमार पवई तलावाकडे वळतात. १८९१ मध्ये बांधलेल्या या तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था कार्यरत आहे.

पवईत गाळ आणि जलपर्णी या दोन्हींचा विचार बांधणीत करावा लागतो. मोकळ्या पाण्यात चालणारा बारीक दोरा जलपर्णीच्या कडेला टिकत नाही. तेथे २० पौंडांचा मुख्य दोरा आणि सहज निसटणारे शिसे यांची जोड लागते. तलावात मगरी आहेत, त्यामुळे अडकलेला गळ सोडवण्यासाठी पाण्यात उतरू नये. दोरा शक्य तितका गुंडाळून, ताणून तोडावा. काठावर उरलेल्या तंगुसात बगळे व पाणकावळे यांचे पाय गुंततात. उरलेला दोरा कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करून घरी नेण्याची पद्धत आहे. तयार आखूड दोरे पुठ्ठ्यावर गुंडाळून आणले, तर काठावर दोरा कापण्याची वेळच फारशी येत नाही.