बिअर्डेड ड्रॅगनचे सहपालन

बिअर्डेड ड्रॅगनचे सहपालन म्हणजे दोन किंवा अधिक बिअर्डेड ड्रॅगन सरडे एकाच पेटीत एकत्र पाळणे होय. पाळीव प्राणी म्हणून प्रामुख्याने पोगोना व्हिटिसेप्स ही जाती लोकप्रिय आहे. मूळची मध्य व पूर्व ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातील ही जाती अगॅमिडी कुळात मोडते. महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारा बागेतला सरडाही याच कुळातील आहे. शेपटीसह सुमारे ५० ते ६० सेंटिमीटर लांबीचा हा सरडा शांत व माणसाळणारा असल्याने त्याला सोबत हवी असावी, असा समज होतो. तथापि, प्रौढ सरडे स्वतंत्र ठेवावेत, असाच सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो.

नैसर्गिक वर्तन

हा सरडा कळपाने राहत नाही. झाडाचा बुंधा, खडक किंवा कुंपणाचा खांब अशा उंच जागी बसून तो ऊन घेतो, तसेच परिसरावर नजर ठेवतो. नर आपल्या क्षेत्रात दुसरा नर सहन करीत नाही. गळ्याची काटेरी त्वचा फुगवून काळी करणे आणि डोके वेगाने खालीवर हलवणे या त्याच्या धमकीच्या खुणा होत. दुबळा सरडा पुढचा एक पाय उचलून सावकाश गोलाकार फिरवतो. ही शरणागतीची खूण मानली जाते. त्यानंतर तो तेथून निघून जातो आणि संघर्ष बहुधा इजेविना मिटतो.

बंदिस्त जागेतील अडचण

सहपालनाचा मूळ प्रश्न येथेच उद्भवतो. पेटीत शरणागती पत्करता येते. परंतु निघून जाता येत नाही. हरलेला सरडा दिवसरात्र वरचढ सरड्याच्या नजरेसमोर राहतो. शिवाय तापदिव्याखालची शेकण्याची जागा, अतिनील प्रकाश, अन्न व आडोसा या गोष्टी मर्यादित असतात. सरड्याच्या शरीराचे तापमान बाहेरील उष्णतेवर अवलंबून असल्याने शेकण्याची जागा गमावणाऱ्याचे पचन मंदावते. अतिनील प्रकाश कमी मिळाल्यास शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, कॅल्शियमचे शोषण घटते आणि हाडे ठिसूळ होतात. अशा रीतीने एकदाही चावा न घेता एक सरडा दुसऱ्याला आजारी पाडू शकतो.

लिंग व वयानुसार धोके

• दोन नर : क्षेत्रावरून मारामारी होऊन गंभीर जखमा होऊ शकतात.
• नर व मादी : नर समागमाच्या वेळी मादीची मान दातांनी धरतो. सततच्या पाठलागामुळे मादीला जखमा होतात. एका विणीत साधारणतः १५ ते ३० अंडी असतात. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकत असल्याने एका समागमानंतर ती अनेकदा फलित अंडी घालते. यामुळे तिच्या शरीरातील कॅल्शियमचा साठा झपाट्याने घटतो.
• दोन माद्या : हा पर्याय तुलनेने सौम्य असला, तरी त्यांच्यातही वर्चस्वाची उतरंड निर्माण होते.
• पिल्ले : एकाच विणीतील पिल्लेही समान गतीने वाढत नाहीत. मोठी पिल्ले लहानांची बोटे व शेपटीचे टोक चावून तोडतात. पालीप्रमाणे या सरड्याची तुटलेली शेपटी पुन्हा उगवत नाही. लहान वयात नर-मादी ओळखणे कठीण असल्याने दोन माद्या समजून आणलेली जोडी पुढे वेगळी निघू शकते.

एकत्र राहणाऱ्या सरड्यांत कॉक्सिडिया हे परजीवी आणि अ‍ॅडिनोव्हायरस विष्ठेद्वारे पसरतात. वरून निरोगी दिसणारा सरडाही त्यांचा वाहक असू शकतो.

गैरसमज

एका सरड्याने दुसऱ्याच्या अंगावर चढून बसणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. प्रत्यक्षात वरचा सरडा बहुधा उष्णता व प्रकाश मिळवत असतो आणि खालचा त्यांपासून वंचित राहतो. 'भांडत नाहीत, म्हणजे पटते' हा निष्कर्षही फसवा ठरतो. वाढ खुंटणे, भूक मंदावणे, सतत लपून राहणे, रंग काळवंडणे आणि पोटावर गडद रेषा उमटणे ही तणावाची संभाव्य लक्षणे आहेत.

या सरड्यांना परस्परांची जाणीव नसते, असे मात्र नाही. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील संशोधकांच्या २०१५ च्या शोधनिबंधानुसार, प्रशिक्षित सरड्याने जाळीचे दार सरकवताना पाहिलेल्या सरड्यांनी त्याचे अनुकरण केले. परंतु दुसऱ्याकडून शिकण्याची क्षमता आणि दुसऱ्यासोबत राहण्याची गरज या दोन वेगळ्या बाबी आहेत.

स्वतंत्र पालन

एका प्रौढ सरड्यासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच पेटी सामान्यतः सुचवली जाते. दुसरा सरडा आणण्यापूर्वी त्याच्यासाठी स्वतंत्र पेटी, दिवे व पशुवैद्यकीय खर्चाची तरतूद आवश्यक ठरते. पेट्या शेजारी असल्यास मध्ये अपारदर्शक आडोसा लावतात, कारण काचेपलीकडचा प्रतिस्पर्धीही तणावास कारणीभूत होतो. प्रजननासाठी नर व मादी यांना देखरेखीखाली थोडा काळ एकत्र आणून पुन्हा वेगळे केले जाते. आधीच एकत्र असलेल्या सरड्यांत वरील लक्षणे दिसल्यास त्यांना तत्काळ वेगळे करून पशुवैद्याकडून तपासून घेणे आवश्यक असते.