धारणीतलं घर विकून धंद्याला भांडवल उभं करायचंय? आधी भाव नीट काढा



मागच्या आठवड्यात धारणीहून एका दादांचा फोन आला. "सर, घर इकाचं हाये, पण भाव काय सांगू तेच समजून नाही राह्यलं. शेजारचा म्हणते पंचवीस लाख सांग, दलाल म्हणते पंधराच्या वर जात नाही." घर विकून त्यांना परतवाड्याला हार्डवेअरचं दुकान टाकायचंय, म्हणजे या एका व्यवहारावर पुढचा सगळा धंदा उभा राहणार आहे. व्हिडिओत दहा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. हिशोब आणि कागद मात्र वाचूनच डोक्यात बसतात, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी कागद, कारण धारणीत भावाच्याही आधी तोच प्रश्न येतो. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. जागा आदिवासी खातेदाराच्या नावावर असेल आणि घेणारा बिगर आदिवासी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे परवानगीशिवाय तो व्यवहार टिकत नाही. १९७४ पासून तर अशा बेकायदा हस्तांतरातली जमीन मूळ आदिवासी मालकाला परत देण्याचा कायदाच आहे. दोन्हीकडचे आदिवासी असले तरी परवानगी लागते का, हे इसार घेण्याआधी तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात लेखी विचारून घ्या. "इथं असंच चालते" म्हणणारा दलाल पैसे घेऊन मोकळा होतो, अडकता तुम्ही.

मग सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून बघा. भोगवटादार वर्ग-२ लिहिलेलं असेल तर पुन्हा परवानगीचा विषय आला. घर वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारस नोंद करून घ्या, बहिणींची नावंही लागतील. बहिणीची सही "नंतर घेऊ" म्हणून राहिली की तयार गिऱ्हाइकही बिचकते. घरकर भरल्याची पावती आणि वीजबिल एका फाइलीत लावून ठेवा. घरावर कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्रही त्यातच. कर्ज काढून घेणाऱ्या नोकरदाराला त्याची बँक हेच सगळं मागते.

आता भाव.

रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. तो सरकारचा वार्षिक मूल्य दर तक्ता आहे, मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं की दिसतो. करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यात जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. म्हणून कागदावर भाव कमी दाखवून फार काही वाचत नाही, उलट रेकनरपेक्षा बराच कमी दाखवला तर आयकर विकणाऱ्यालाही लागू शकतो आणि घेणाऱ्यालाही.

खरा भाव कळतो तो झालेल्या व्यवहारांवरून. आपल्या गल्लीत, आपल्यासारख्याच रस्त्यावर गेल्या दोन वर्षांत काय विकलं गेलं ते शोधा. त्याच वेबसाइटवर सूची क्रमांक दोन पाहता येते. एक सावधगिरी घ्या: मेन रोडवरच्या दुकानी जागेचा भाव आतल्या गल्लीतल्या घराला लावू नका. अमरावतीचा भाव तर अजिबातच नको. धारणीत घर कोण घेतो? इथला शिक्षक, वनखात्यातला किंवा दवाखान्यातला कर्मचारी, बाजारपेठेतला दुकानदार, बऱ्हाणपूरकडे माल ने-आण करणारा व्यापारी. त्याच्या खिशाला जे झेपतं, तोच तुमचा बाजार.

झालेले व्यवहार कमी सापडले तर जागा आणि बांधकाम वेगवेगळं मोजा. खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतलेत, धारणीचा दर म्हणून धरू नका.

जागा १,५०० चौरस फूट, दर ६०० रुपये धरला तर ९ लाख. बांधकाम ८०० चौरस फूट, आज नवीन बांधायला फुटाला १,५०० धरले तर १२ लाख. पण घर २० वर्षं जुनं आहे आणि त्याचं आयुष्य ६० वर्षं धरलं, तर एक तृतीयांश गेलं, उरले ८ लाख. एकूण १७ लाख. मग भाड्यावरून ताडून पाहा. असं घर महिना ५,००० ने जात असेल तर वर्षाचे ६०,०००, म्हणजे १७ लाखांवर साडेतीन टक्के. राहत्या घराला हे चालण्यासारखं आहे. दीड टक्का आला असता तर आपण भाव चढवून धरलाय असं समजायचं.

पंचवीस लाख सांगून ठेवायला काय हरकत आहे? हरकत आहे. गाव लहान आहे, पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळतं की "त्याईचं घर महाग हाये", आणि पुढे भाव उतरवला तरी लोक म्हणतात, घरात काहीतरी गडबड दिसते. घासाघीस होणारच, म्हणून १७ मिळावेत असं वाटत असेल तर साडेसतरा-अठरा सांगा.

उद्योजक म्हणून अजून एक हिशोब करा, दादांना मी हाच करायला लावला. समजा आज १६ लाख ५० हजाराचं खरं गिऱ्हाइक आहे आणि तुम्ही १७ लाख ५० हजारासाठी वर्षभर थांबलात. जास्तीचे मिळाले १ लाख. तेच साडेसोळा लाख धंद्यात वर्षाला १२ टक्के कमावणार असतील, तर ते झाले १ लाख ९८ हजार. म्हणजे थांबून तुम्ही ९८ हजार गमावले, मधली घरपट्टी-डागडुजी वेगळीच. धंदा १२ टक्के देईलच असं मात्र नाही. तुमचा आकडा तुम्ही प्रामाणिकपणे टाका, आणि दुकानाची जागा अजून ठरलीच नसेल तर विकायची घाई करू नका.

घराची तयारी म्हटलं की लोक लगेच नवीन टाइल्स लावायला निघतात. विकण्यासाठी टाइल्स, फॉल्स सीलिंग, महागडं किचन काहीही करू नका, तो पैसा परत येत नाही. मेळघाटातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. इथं घेणारा आल्याबरोबर वर बघतो. कवेलू सरकलेत का, पत्र्याच्या खिळ्यांतून गळते का, स्लॅबला ओल आहे का. ते आधी दुरुस्त करा. ओलीवर नुसता रंग मारून झाकू नका, पहिल्याच पावसात उघडं पडतं आणि गाव तर तेच आहे. जुन्या घरात सागाच्या चौकटी, खांब असतील तर त्यांच्यावर ऑइलपेंट थापू नका, घासून तेलपाणी करा. साग दिसला की भाव टिकतो. वाळवी लागली असेल तर औषध मारून घ्या आणि विचारलं तर खरं सांगा. मग आतून साधा फिकट रंग, बंद पडलेले दिवे, गळके नळ, अंगणातला भंगार. बोअर असेल तर उन्हाळ्यातही पाणी येतं का हे चालू करून दाखवा. पाण्याइतकं बोलकं दुसरं काही नाही.

दाखवायला दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ बरा. रस्ते कोरडे असतात, लोकांच्या हातात थोडाफार पैसा असतो आणि पावसानंतरची डागडुजीही झालेली असते.

सौदा ठरला की इसारपावती लेखी करा. रक्कम, मुदत, आणि कुणी माघार घेतली तर काय होणार, हे त्यात आलंच पाहिजे. इसार २० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ नका. आयकर कायद्यात त्याला मनाई आहे, चेक किंवा बँक ट्रान्सफरच घ्या. घेणाऱ्याला त्याचा पूर्ण खर्च आधीच सांगा: मुद्रांक शुल्क, शिवाय १ टक्का नोंदणी फी, तीही जास्तीत जास्त ३०,०००. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ही माहिती तुम्ही दिली की सौदा बरेचदा पुढे सरकतो.

आणि शेवटचा खड्डा, ज्यात धंद्यासाठी घर विकणारे हमखास पडतात. घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमचं असेल तर नफ्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली कर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाईची सूट धरून २० टक्क्यांचा हिशोबही करून बघता येतो, जो कमी तो लागतो. तो नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर करात सूट मिळते, दुकानाच्या मालात घातला तर नाही. दादांच्या भांडवलात हा आकडा धरलेलाच नव्हता. त्यांना म्हटलं, दुकानाची जागा बघायला जायच्या आधी सीएकडे जा, आणि हातात येणाऱ्या रकमेतून कर, दलाली, जुनं कर्ज वजा करूनच मालाची यादी लिहा.