फ्रान्स्वा मित्तराँ : दोन पराभव, मग १४ वर्षे

जन्म : २६ ऑक्टोबर १९१६, जार्नाक. मृत्यू : ८ जानेवारी १९९६, पॅरिस.

दुसऱ्या महायुद्धातला युद्धकैदी, जर्मन छावणीतून पळालेला सैनिक, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारचा कर्मचारी आणि नंतर भूमिगत चळवळीतला कार्यकर्ता, हे सगळे तिशीच्या आत. व्हिशीचा सन्मानही त्यांनी स्वीकारला होता. तो डाग शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

समाजवादी ते तसे उशिराच झाले. १९७१च्या एपिने अधिवेशनात समाजवादी पक्षात आले आणि तिथेच पक्षप्रमुखही झाले! अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९६५मध्ये द गॉलकडून आणि १९७४मध्ये जिस्कार देस्तँ यांच्याकडून हरलेले मित्तराँ १० मे १९८१ रोजी जिस्कार यांनाच हरवून फ्रान्सचे अध्यक्ष झाले.

त्याच वर्षी मृत्युदंड रद्द होऊन गिलोटिन बंद झाले. अल्जेरियाच्या युद्धकाळात न्यायमंत्री म्हणून याच मित्तराँनी अनेक दयेचे अर्ज फेटाळण्याच्या बाजूने कौल दिला होता, हेही नोंदवायला हवे. मृत्युदंडबंदीपाठोपाठ आले बँकांचे व बड्या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण, पगारी रजेचा पाचवा आठवडा, साठाव्या वर्षी निवृत्ती. पण महागाई वाढली, फ्रँकचे तीनदा अवमूल्यन झाले आणि १९८३मध्ये सरकारने काटकसरीची वाट धरली. डाव्यांमधला त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

१९८६मध्ये संसद उजव्यांकडे गेली, तेव्हा त्यांचे नेते शिराक यांना पंतप्रधान नेमून मित्तराँनी दोन वर्षे काढली आणि १९८८मध्ये अध्यक्षपदासाठी शिराक यांनाच हरवले. १९९२मध्ये युरोपीय संघाच्या मास्ट्रिख्ट कराराचे सार्वमत जेमतेम ५१ टक्क्यांनी जिंकले. त्यांच्या कर्करोगाचे निदान १९८१मध्येच झाले होते. देशाला ते कळले ११ वर्षांनी.