लढाऊ विमानांची खरेदी : वाद नेमका कशाचा?

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना बडोद्याला होणार, अशी बातमी आली. तो नागपूरला यायला हवा होता, यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. आय.टी.आय.तून फिटर झालेला माझा चुलतभाऊ वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "दादा, विमान घेणार सरकार, बनवणार टाटा. मग भांडण कशाचं?" मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी! मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथालयात बसून जे उमगले ते येथे मांडतो.

पहिला वाद किमतीचा. बैलजोडी घेतली म्हणजे खर्च संपत नाही. वैरणपाणी पुढे असतेच. विमानाचेही तसेच. शस्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण, देखभाल हे सारे किमतीत मिसळलेले असते. त्यातच तपशील सांगितला तर शत्रूला सामर्थ्य कळेल, असे सरकार म्हणते. राफेलच्या बाबतीत हेच घडले. २००७ साली १२६ विमानांसाठी निविदा निघाल्या. २०१२ मध्ये राफेलची बोली सर्वांत कमी ठरली. परंतु एप्रिल २०१५ मध्ये तयार स्थितीतील ३६ विमानेच घेण्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सुमारे ५९,००० कोटी रुपयांचा करार झाला. महालेखापालांनी २०१९ मध्ये हा सौदा जुन्या बोलीपेक्षा २.८६ टक्के स्वस्त असल्याचे नमूद केले. मात्र मूळ आकडे अहवालात झाकलेलेच राहिले.

दुसरा वाद काम कोणाला, हा. जुन्या योजनेत १०८ विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्स बांधणार होती. नाशिकजवळ ओझरला याच सरकारी कंपनीने मिग आणि सुखोई विमाने बांधली आहेत. नव्या करारात ते काम उरले नाही. त्याऐवजी किमतीच्या निम्म्या रकमेचे काम विक्रेत्यांनी भारतात द्यावे, अशी अट होती. त्यातून नागपूरच्या मिहानमध्ये दासो आणि रिलायन्स यांचा संयुक्त कारखाना आला. भागीदार कोणी निवडला, यावरून देशभर रण माजले. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी चौकशीच्या याचिका फेटाळल्या. पुनर्विचार याचिकाही २०१९ मध्ये फेटाळल्या गेल्या.

तिसरा वाद जागेचा. सी-२९५ चा ५६ विमानांचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. त्यांपैकी १६ स्पेनहून येणार आणि ४० येथे बनणार, असे ठरले. कारखाना म्हणजे केवळ एक इमारत नव्हे. भोवती सुटे भाग पुरवणारे लहान उद्योग उभे राहतात. म्हणून राज्ये त्यासाठी भांडतात. बडोद्याच्या कारखान्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

मित्रहो, या दोन्ही प्रकरणांत मला एक साम्य दिसते. लोकांत चर्चा सुरू झाली ती निर्णय झाल्यानंतर. शस्त्रांचे तपशील गुप्त असावेत, हे मला मान्य आहे. पण निवड कोणत्या कसोटीवर झाली, काम कोणाला आणि का दिले, जागा कशी ठरली, हे सांगितल्याने शत्रूचा काय लाभ होणार? उलट ते न सांगितल्याने संशय वाढतो, आणि खऱ्या-खोट्या आरोपांतला फरकही सामान्य माणसाला कळेनासा होतो.

हे सगळे मी भावाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आपल्याला आधी कळायला पाहिजे होतं." माझ्या पानभर टिपणांचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.