एकविसाव्या वाढदिवसाची गोष्ट

वाशी-नेरूळच्या शाळांत कधी एखादा बाक अचानक रिकामा होतो. ‘बाबांना अमेरिकेत नोकरी लागली!’ पण मुलं त्यांच्याबरोबर जातात कशी?

आई किंवा बाबांना कामासाठी ‘एच-१बी’ व्हिसा मिळाला, की नवरा-बायको आणि मुलांना ‘एच-४’ मिळू शकतो. अट एवढीच, की मूल २१ वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं. या व्हिसावर शाळा-कॉलेज शिकता येतं. मुलांना नोकरी मात्र करता येत नाही. आणि एकविसावा वाढदिवस आला, की ‘एच-४’ संपतो! ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. म्हणून तिथंच वाढलेल्या कितीतरी मुलांना विद्यार्थ्यांचा ‘एफ-१’ घ्यावा लागतो, नाहीतर आईबाबांना सोडून परतावं लागतं. २००२ च्या कायद्यानं वय मोजताना थोडी सूट दिली. पण ती सगळ्यांना पुरत नाही.

आणि आजी-आजोबा? ते ‘एच-४’मध्ये बसत नाहीत. त्यांना पाहुण्यांचा ‘बी-२’, तोही एका खेपेला बहुधा सहा महिन्यांचा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आणि २१ वर्षांची असली, तरच आईवडिलांना कायमचं बोलावता येतं.

तेव्हा नेरूळला मागे राहिलेले मित्राचे आजी-आजोबा दिसले, तर दोन मिनिटं थांबून बोलाल ना?