हिंगोलीची महाविद्यालये आणि आंतरमहाविद्यालयीन क्रीडा-क्षेत्र

महाविद्यालयाच्या संघाने पहिला सामना कोणाशी खेळावयाचा, हे त्या संघाच्या इच्छेवर किंवा सोयीवर अवलंबून नसते. हिंगोली येथील विद्यार्थी लातूर जिल्ह्यातील महाविद्यालयाशी एकाच विजेतेपदासाठी झुंजतो. परंतु सुमारे पन्नास किलोमीटरवरील वाशीमच्या महाविद्यालयाशी त्याची गाठ या स्पर्धेत पडत नाही. वाशीम हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येते आणि हिंगोली हे नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. या दोन गावांमध्ये रोज बसगाड्या धावतात, लग्नसंबंध होतात, बाजारहाट चालते. खेळाच्या दृष्टीने मात्र ती दोन स्वतंत्र राज्ये आहेत.

विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांचा जो समूह आपापसांत स्पर्धा करतो, त्यालाच आंतरमहाविद्यालयीन क्रीडा-क्षेत्र म्हणावयाचे. जगात सर्वत्र ही रचना अशीच आहे असे नाही. अमेरिकेत १८९५ साली सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागो येथे एकत्र आले. खेळाडू खरोखरीचा विद्यार्थी असला पाहिजे, पैसे देऊन आणलेला नसावा, या चिंतेतून पुढील वर्षी त्यांनी एक संघटना उभी केली. तीच पुढे ‘बिग टेन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे सदस्यत्व हा स्वेच्छेचा करार असतो. संस्था येतात, बाहेर पडतात, दुसऱ्या समूहात जातात. नावात ‘टेन’, म्हणजे दहा, असलेल्या या समूहात २०२४ पासून अठरा सदस्य आहेत व त्यांतील काही थेट पॅसिफिक किनाऱ्यावरील आहेत. आपल्याकडे असा करार करावा लागत नाही. महाविद्यालय ज्या विद्यापीठाला संलग्न, त्याच विद्यापीठाच्या स्पर्धेत ते खेळणार. त्यामुळे आपल्या क्रीडा-क्षेत्राचा इतिहास हा वस्तुतः विद्यापीठांच्या सीमांचा इतिहास होय.

उस्मानियापासून नांदेडपर्यंत

मराठवाड्याच्या बाबतीत या सीमा अनेकदा बदलल्या. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ ची. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतरही काही वर्षे मराठवाड्यातील महाविद्यालयांचे नाते त्याच विद्यापीठाशी राहिले. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून संपूर्ण मराठवाडा हे एकच क्रीडा-क्षेत्र बनले.

ही व्यवस्था सुमारे छत्तीस वर्षे टिकली. तिचा अर्थ हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागातील खेळाडूला चांगलाच ठाऊक होता. त्या काळी हिंगोली हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. औरंगाबाद तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. रेल्वेने निघावयाचे तर छोट्या रुळांच्या गाडीने पूर्णा जंक्शन गाठावयाचे, तेथे गाडी बदलून परभणीमार्गे पुढे जावयाचे. (अकोला ते पूर्णा या मार्गाचे मोठ्या रुळांत रूपांतर झाले ते २००८ साली.) निवड चाचणीसाठी एका खेळाडूला एवढा प्रवास, मुक्काम आणि भोजनाचा खर्च करणे म्हणजे लहान महाविद्यालयाच्या जिमखाना निधीवर मोठाच भार. मुलींना इतक्या दूर पाठविण्यास पालक राजी होत नसत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९९४ या वर्षाने हे चित्र पालटले. १४ जानेवारी रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १७ सप्टेंबर रोजी, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिदिनी, नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. नांदेड, लातूर व परभणी हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आले. पुढे १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली हा जिल्हा निर्माण झाला व तिनाचे चार जिल्हे झाले. क्षेत्र तेवढेच राहिले, मोजणी तेवढी बदलली. हिंगोलीच्या खेळाडूसाठी विद्यापीठाचे मैदान दोनशे किलोमीटरवरून शंभराच्या आत आले, हा या विभाजनाचा क्रीडाविषयक लाभ सहसा कोणी सांगत नाही. तो सांगितला जावयास हवा.

सदस्य कोण, सदस्य कोण नाही

जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत आज या क्षेत्राचे सदस्य आहेत. हिंगोली येथे आदर्श महाविद्यालय व शिवाजी महाविद्यालय, कळमनुरी येथे शंकरराव सातव महाविद्यालय आणि त्याच तालुक्यात आखाडा बाळापूर येथे नारायणराव वाघमारे महाविद्यालय, सेनगाव येथे तोष्णीवाल महाविद्यालय, औंढ्यास नागनाथ महाविद्यालय, तर वसमत येथे हैदराबाद मुक्तिलढ्यातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे स्मरण जागविणारे बहिर्जी स्मारक महाविद्यालय, ही त्यांपैकी काही नावे. ही यादी परिपूर्ण नाही.

मात्र जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालय या क्षेत्रात आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. गोळेगाव येथील कृषी महाविद्यालय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. त्याचे विद्यार्थी कृषी महाविद्यालयांच्या स्पर्धांत उतरतात. हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातील पदविका विद्यार्थी राज्यातील तंत्रनिकेतनांच्या स्वतंत्र स्पर्धांत खेळतात. २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. एकाच गावातील, कदाचित एकाच आळीतील दोन मित्र निरनिराळ्या क्षेत्रांत खेळत असतात, ते यामुळे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांबाबत. कनिष्ठ महाविद्यालय पुष्कळदा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरते, मैदान एकच असते, क्रीडाशिक्षकही पुष्कळदा तेच असतात. तरीही बारावीपर्यंतचा विद्यार्थी विद्यापीठाच्या स्पर्धेचा सदस्य नसतो. त्याच्यासाठी क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा आहेत. त्यांत १९ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशी चढती श्रेणी असते आणि जिल्हा पातळीवर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत त्या घेतल्या जातात. प्रथम वर्षास प्रवेश घेतला की हे दार बंद होते व दुसरे उघडते. गावचा सरपंच अथवा मुख्याध्यापक एखाद्या होतकरू मुलीस मार्ग दाखवीत असेल, तर ती आज कोणत्या वर्गात आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असावयास हवा.

मैदानापासून देशपातळीपर्यंत

महाविद्यालयीन संघांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्यापुढील व्यवस्था भारतीय विद्यापीठ संघाकडे आहे. १९२४ च्या सिमला परिषदेतील ठरावानुसार १९२५ मध्ये स्थापन झालेले आंतरविद्यापीठ मंडळ १९७३ पासून या नावाने ओळखले जाते. १९३५ मध्ये सुरू झालेली रोहिंटन बारिया चषकाची क्रिकेट स्पर्धा ही विद्यापीठ पातळीवरील जुन्या स्पर्धांपैकी एक. आणि १९५६-५७ पासून आंतरविद्यापीठ स्पर्धांत सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या विद्यापीठास मौलाना अबुल कलाम आझाद चषक दिला जातो. देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे चार विभाग असून महाराष्ट्र पश्चिम विभागात आहे. सांघिक खेळांत आधी विभागीय सामने व त्यांतील अग्रेसर संघांचे अखिल भारतीय सामने, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. राज्यापुरता ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आहे, तर २०२० मध्ये भुवनेश्वर येथे प्रारंभ झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांनी या शिडीला आणखी एक पायरी जोडली.

शिडी उंच आहे. अडचण तिच्या पहिल्याच पायरीवर आहे. मैदानात कबड्डीला सात, खो-खोला नऊ खेळाडू लागतात. राखीव धरून बारा जणींचा संघ उभा करणे मोठ्या शहरातील महाविद्यालयास सोपे. ज्या महाविद्यालयात एका वर्गात पंधरा-वीसच मुली नियमित येतात आणि त्यांतील निम्म्या शेवटच्या एस. टी. गाडीच्या वेळेकडे डोळे लावून असतात, तेथे बारा जणी मैदानावर कशा थांबणार? अशा महाविद्यालयाने सांघिक खेळाचा हट्ट न धरता मैदानी खेळ, क्रॉसकंट्री, कुस्ती यांसारख्या वैयक्तिक प्रकारांकडे लक्ष दिल्यास एकटा खेळाडूही विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करू शकतो. हा कमीपणा नव्हे, हिशेब आहे.

दुसरी अडचण हंगामाची. निवडीच्या स्पर्धा पावसाळा ओसरू लागताच सुरू होतात आणि हिंगोली जिल्ह्यात नेमकी त्याच सुमारास सोयाबीनची काढणी असते. घरचे मनुष्यबळ शेतात हवे असते आणि संघातील नाव मागे पडते. ग्रामपंचायतीस वेळापत्रक बदलता येत नाही. परंतु गावठाणातील मोकळी जागा सपाट करून तेथे चुन्याने मैदान आखून देणे, त्यावर एक दिवा लावणे, हे तिच्या आवाक्यातील आहे. मग काढणीच्या दिवसांतही संध्याकाळचा सराव सुटत नाही.

तिसरी गोष्ट कागदाची आणि तिच्यामुळे खेळाडूचे सर्वाधिक नुकसान होते. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडू नियमित पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो व वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे १७ ते २५ वर्षे अशी असते. प्रवेश उशिरा निश्चित झाला, दहावीच्या गुणपत्रिकेवरील जन्मतारीख व पात्रता अर्जावरील तारीख जुळली नाही, किंवा महाविद्यालयाने प्रवेशिका मुदतीनंतर पाठविली, तर उत्तम खेळाडूही प्रेक्षकांत बसतो. शासकीय व निमशासकीय सेवांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण २००५ च्या शासन निर्णयापासून आहे. १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष सुधारण्यात आले. कोणत्या स्पर्धेचे कोणते स्थान कोणत्या पदासाठी ग्राह्य, हे त्या निकषांवरून ठरते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून होते. म्हणून केवळ सहभागाच्या कागदावर विसंबून नोकरीचा अर्ज भरणाऱ्याची निराशा होऊ शकते. प्रमाणपत्र मिळाल्याच दिवशी त्यावरील नाव, खेळप्रकार, स्थान व वर्ष गुणपत्रिकेशी ताडून पाहावे. चूक आढळल्यास ती महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकांमार्फत विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून त्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावी. चार-पाच वर्षांनी संघाच्या याद्या शोधीत फिरण्याची वेळ येते, तेव्हा ते शिक्षक निवृत्त झालेले असतात.