ब्रेकमधील गंजलेला स्क्रू : जोर नव्हे, क्रम महत्त्वाचा

निजाम राज्याच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली. हैदराबादचा गौलीगुडा भाग पुढे या वाहतुकीचे मोठे केंद्र बनला. तेथील विमानांच्या हँगरसारखी भव्य लोखंडी शेड अनेक दशके बसस्थानक म्हणून वापरात होती. ५ जुलै २०१८ रोजी ती जीर्ण शेड कोसळली. धोका ओळखून ती आधीच रिकामी केलेली असल्याने जीवितहानी टळली. धातूची झीज बहुधा आधी खुणा दाखवते; त्या वेळीच ओळखल्या तर अनर्थ टळतो. मोटारीच्या ब्रेकमधील लहानशा स्क्रूलाही हाच नियम लागू पडतो.

हैदराबादेत वर्षाला सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर. त्यात किनाऱ्यावरील खाऱ्या हवेची भर पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील सूक्ष्म फट भरून जाते आणि स्क्रू जागीच जखडतो. ब्रेक वारंवार तापतात व थंड होतात, त्याने ही पकड अधिकच घट्ट होते. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये पोलादी बोल्ट असेल आणि तेथे खारे पाणी शिरले, तर दोन भिन्न धातूंमधील विद्युतरासायनिक क्रियेमुळे गंजण्याचा वेग वाढतो.

अडकलेला प्रत्येक स्क्रू मात्र सारख्याच महत्त्वाचा नसतो. अनेक गाड्यांत ब्रेकची डिस्क हबवर एक-दोन लहान स्क्रूंनी बसवलेली असते. त्यांचे काम चाक काढलेले असताना डिस्क जागेवर ठेवण्यापुरतेच असते. चाकाचे नट आवळल्यावर डिस्क चाक आणि हब यांच्यात घट्ट धरली जाते. याउलट कॅलिपरचे बोल्ट ब्रेकचा सगळा भार पेलतात आणि ब्लीडर निपल ब्रेक ऑइलचा दाब रोखून धरते. पहिल्या प्रकारात स्क्रूचे डोके ड्रिलने उडवणे परवडते. दुसऱ्या प्रकारात जुगाडाला जागा नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी, नुसत्या जॅकवर नव्हे तर मजबूत स्टँडवर उभी करावी आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा. ब्रेकवरील धूळ हवेच्या झोताने उडवू नये; ती श्वासावाटे फुफ्फुसांत जाते.

त्यानंतर सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे जावे. प्रथम तारेच्या ब्रशने गंज खरवडून स्क्रूच्या डोक्यातील खाच पूर्ण मोकळी करावी. गंज सोडवणारे तेल थेंबभर सोडून काही वेळ, शक्य तर रात्रभर, मुरू द्यावे. मग खाचेत अचूक बसणारे बिट निवडावे. जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांतील फुलीच्या खाचेचा आकार नेहमीच्या फिलिप्स स्क्रूपेक्षा किंचित वेगळा असतो. तेथे चुकीचे बिट निसटते आणि खाच गोल होते. साध्या पेचकसाऐवजी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. प्रत्येक ठोक्यासरशी तो बिट खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. शिवाय धक्क्याने गंजाची पकड ढिली होते.

एवढ्यानेही स्क्रू हलला नाही, तर डोक्याच्या मधोमध सेंटर पंचाने खूण करून स्क्रूच्या दांड्याहून किंचित मोठ्या ड्रिलने डोके उडवावे. डिस्क निघाल्यावर उरलेला दांडा पक्कडीने फिरवून काढता येतो. डिस्क हबलाच चिकटली असेल, तर काही गाड्यांत तिच्यावर आट्यांची दोन जादा छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ती सरळ बाहेर येते. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मात्र जपून वापरावा. तो कठीण पण ठिसूळ असतो. आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. बर्नरची उष्णता हा अनुभवी हातांचा उपाय आहे. रबरी नळ्या, बेअरिंगचे ग्रीस, एबीएसचे सेन्सर आणि ब्रेक ऑइल यांच्याजवळ ज्योत नेऊ नये.

सर्वाधिक संयम लागतो तो ब्लीडर निपलसाठी. ते आतून पोकळ असते आणि चटकन तुटते. त्यावर सहा बाजूंचा सॉकेटच लावावा, आधी हलक्या हाताने ठोकावे आणि मग अगदी किंचित आवळून सैल करावे. ते जागेवरच तुटले तर बहुधा संपूर्ण कॅलिपर बदलणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

निपल अडकले म्हणून ब्रेक ऑइल बदलणे टाळणे हा खरा धोका आहे. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. प्रमाणकानुसार डॉट ४ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या उतारावर ब्रेक सतत तापत राहिले, तर असे द्रव उकळते, नळीत वाफ धरते आणि पायाखालचे पॅडल एकाएकी पोकळ लागते.

जोडणी करताना स्क्रू नवेच वापरावेत. डिस्कच्या स्क्रूच्या आट्यांना जखडणरोधक लेप अगदी पातळ लावावा. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस द्यावे. बोल्ट उत्पादकाने ठरवून दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत. पॅड किंवा डिस्कच्या घर्षणपृष्ठावर तेलाचा थेंबही राहू नये. तेल प्यालेले पॅड बदलावेतच. निपलवरची रबरी टोपी विसरू नये, तीच पाण्याला अडवते.

गाडीमालकाने पावसाळ्यापूर्वी गॅरेजमध्ये एवढेच विचारावे : चारही निपले सुटतात का, आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? आज थोड्या तेलाने सुटणारा स्क्रू आणखी दोन पावसाळे गेल्यावर कॅलिपरचाच खर्च मागू शकतो.